नाव आणि नामफलक : जोहान्सबर्ग येथील राष्ट्रीय लष्करी इतिहास संग्रहालयाचे एक परीक्षण

युद्धवस्तूंचे संग्रहालय हे वरवर पाहता वस्तूंचे दालन असते. वस्तुतः ते नामांचेही दालन असते. तोफ, शिरस्त्राण, पदक किंवा विमानाचा सांगाडा यांपैकी कोणतीही वस्तू आपण होऊन बोलत नाही. ती कोणत्या युद्धातील, कोणाच्या हातातील आणि तिने काय केले, हे तीन प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभे राहतात व तिहींची उत्तरे शेजारच्या फलकावर मिळतात. फलकावरील मजकूर चारसहा ओळींचाच असला, तरी त्यात युद्धाला एक विशेषनाम दिलेले असते, लढणाऱ्याला एक सामान्यनाम दिलेले असते आणि क्रियापदाला कर्ता दिलेला किंवा नाकारलेला असतो. 'राष्ट्रीय' हे विशेषण धारण करणाऱ्या संग्रहालयाचे परीक्षण करावयाचे, तर या तीन ठिकाणी कोणती निवड झाली आहे हे प्रथम पाहावयास हवे. दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहराचे राष्ट्रीय लष्करी इतिहास संग्रहालय अशा परीक्षणास विशेष अनुकूल आहे; कारण ज्या राष्ट्राचे ते आहे, त्या राष्ट्रात कोणाचा समावेश होतो याचे उत्तरच संग्रहालयाच्या हयातीत मुळापासून बदलले.

संग्रहालयाचे नाव हाच त्याचा पहिला फलक होय. शहराच्या सॅक्सनवल्ड भागात, प्राणिसंग्रहालयाला लागून असलेल्या या संस्थेचे उद्घाटन २९ ऑगस्ट १९४७ रोजी पंतप्रधान जनरल स्मट्स यांच्या हस्ते झाले. त्या वेळी तिचे नाव दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रीय युद्धसंग्रहालय असे होते, आणि 'युद्ध' याचा प्रधान अर्थ नुकतेच संपलेले दुसरे महायुद्ध हा होता. १९७५ मध्ये 'युद्ध' हा शब्द जाऊन 'लष्करी इतिहास' ही शब्दयोजना आली. २०१० मध्ये त्यापूर्वी 'डिट्साँग' हे पद जोडण्यात आले. हा त्स्वाना भाषेतील शब्द असून वारशाचे स्थान असा त्याचा अर्थ सांगितला जातो. पहिल्या नावात एक घटना होती, दुसऱ्यात एक विद्याशाखा आली, तिसऱ्यात एक आफ्रिकी भाषा आली. इंग्रजी व आफ्रिकान्स या दोनच राजभाषांच्या काळात जन्मलेल्या संस्थेच्या शिरावर तिसऱ्याच भाषेतील शब्द यावा, ही घटना लहान नव्हे. मात्र नावापुढे जोडलेले पद नावाच्या आतील रचना बदलते काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तो तेथूनच सुरू होतो.

उद्घाटक स्मट्स यांचे चरित्रही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १८९९ ते १९०२ या युद्धात ते ब्रिटिशांविरुद्ध लढणारे बोअर सेनानी होते. १९४१ मध्ये ते ब्रिटिश सेनेचे फील्डमार्शल झाले. एकाच पुरुषाच्या नावामागे परस्परविरोधी दोन सेनांची पदे लागतात, हा त्या देशाच्या लष्करी इतिहासाचा स्वभाव आहे. उद्घाटनानंतर वर्षही उलटले नाही तोच, मे १९४८ च्या निवडणुकीत स्मट्स यांचा पक्ष पराभूत झाला आणि वर्णभेदाचे धोरण राज्याचे अधिकृत धोरण बनले. संग्रहालयाच्या पुढील चार दशकांतील वाढ त्या राज्याच्या छायेत झाली.

संग्रहालयाशेजारी एक भव्य कमानदार स्मारक आहे. त्याचा आराखडा एडविन लट्येन्स यांचा. नवी दिल्लीच्या रचनेमुळे हे नाव भारतीय वाचकांस परिचित आहेच. १९१० मध्ये ड्यूक ऑफ कनॉट यांनी त्याची कोनशिला बसविली. रँड रेजिमेंटांचे स्मारक हे त्याचे मूळ नाव; म्हणजे विटवॉटर्सरँड या सुवर्णक्षेत्रातील ज्या पलटणी ब्रिटिश पक्षाने लढल्या, त्यांतील मृतांचे ते स्मारक होते. युद्धाच्या शताब्दीच्या वर्षी, १९९९ मध्ये, त्याचे पुनःसमर्पण होऊन त्यास अँग्लो-बोअर युद्ध स्मारक असे नाव देण्यात आले. छावण्यांत प्राण गमावलेल्या स्त्रिया व मुले यांचाही समावेश व्हावा, हा त्यामागील हेतू होता. हेतू उदार आहे. तथापि नाव विस्तारले म्हणून नामावली विस्तारत नाही. दगडात कोरलेली नावे मूळच्या पलटणींतील माणसांचीच आहेत. पूर्वी स्मारकाचे नाव संकुचित होते, पण नामावलीशी प्रामाणिक होते. आता नाव व्यापक आहे, परंतु नामावली त्याला आधार देत नाही. नामांतराने इतिहासाची दुरुस्ती होते असे मानणाऱ्यांनी या विसंगतीचा विचार अवश्य करावा.

या युद्धाचे नाव कोणते, हा प्रश्नच मुळात वादाचा आहे. इंग्रजीत ते दीर्घकाळ 'बोअर युद्ध' म्हणून ओळखले गेले. युद्धाला प्रतिपक्षाचे नाव देण्याची ही रीत आहे: बोलणारा पक्ष स्वतःला गृहीत धरतो व नावात फक्त 'दुसऱ्या'चा निर्देश करतो. आफ्रिकान्स भाषिकांनी याच घटनेला 'इंग्रजी युद्ध' म्हटले, तेही त्याच रीतीने. आणि 'दुसरे स्वातंत्र्ययुद्ध' म्हटले, ते १८८०-८१ च्या संघर्षास पहिले मानून. 'अँग्लो-बोअर युद्ध' या नावात दोन्ही पक्षांना स्थान मिळाले; पण द्वंद्व समासाचा दोष हा, की तो दोनच पदांवर बंद होतो. त्या भूमीवरील बहुसंख्य आफ्रिकी समाज, ज्याने या युद्धात वार्ताहर, गाडीवान, टेहळे आणि पुष्कळदा सशस्त्र शिपाई म्हणून भाग घेतला, तो या समासात कोठेच बसत नाही. म्हणून अलीकडील इतिहासकार 'दक्षिण आफ्रिकी युद्ध' हे नाव पसंत करतात. पीटर वॉरविक यांच्या १९८३ च्या ग्रंथाने त्या युद्धातील आफ्रिकी सहभाग सविस्तर मांडला, आणि त्याच्या शीर्षकातही हेच नाव आहे.

त्स्वाना भाषेचा अभिमानी लेखक सोल प्लाट्जे याच्या दैनंदिनीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. माफेकिंगच्या वेढ्यात न्यायालयीन दुभाषा असलेल्या प्लाट्जेने लिहिलेली ही दैनंदिनी १९७३ मध्ये प्रथम छापली गेली, तेव्हा तिच्या शीर्षकात 'बोअर युद्ध' हेच नाव होते. पुढील आवृत्तीत ते जाऊन 'माफेकिंग' हे स्थलनाम आले. आफ्रिकी साक्षीदाराचा मजकूर हाती असतानाही मुखपृष्ठ काही काळ दुसऱ्याच्याच भाषेत बोलत होते. स्मारकाचे १९९९ मधील नामांतर या पार्श्वभूमीवर पाहिले, म्हणजे ते वादाच्या मधल्या पायरीवर थांबलेले आहे असे म्हणणे भाग पडते.

छावण्यांची आकडेवारी पाहता हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने स्पष्ट होते. बोअर कुटुंबांच्या छावण्यांतील मृतांची संख्या २७,९२७ अशी नोंदली गेली असून त्यांपैकी २२,०७४ ही सोळा वर्षांखालील मुले होती. आफ्रिकी लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. तेथील नोंदलेले मृत्यू १४,१५४ इतके सापडतात आणि प्रत्यक्ष संख्या त्याहून बरीच अधिक असावी, असे अभ्यासक मानतात. एका समाजाचे मृत एककापर्यंत मोजलेले आहेत. दुसऱ्याच्या मृतांपुढे 'किमान' हे क्रियाविशेषण लावल्याखेरीज वाक्य खरे होत नाही. जिवंतपणी ज्यांची नीट नोंद झाली नाही, त्यांची मृत्यूनंतरही नीट गणना होत नाही. येथे क्रियापदाचाही विचार केला पाहिजे. छावण्यांत माणसे 'मेली' असे म्हटले तर ते खोटे नव्हे, कारण बहुतेकांचा अंत गोवर, विषमज्वर यांसारख्या रोगांनी झाला. पण 'मरणे' हे क्रियापद अकर्मक आहे. शेते जाळून त्या माणसांना तेथे कोणी आणले, हे सांगण्याची सक्ती ते वाक्यावर करीत नाही. संग्रहालयाच्या भाषेची कसोटी पुष्कळदा अशा अकर्मक क्रियापदांतच लागते.

आतील दालनांत प्रेक्षकाचे लक्ष सर्वाधिक वेधून घेते ते विमान. मेसरश्मिट २६२ या जर्मन जेट विमानाचा दोन आसनांचा, रात्री लढणारा प्रकार येथे जतन केलेला असून तो आपल्या प्रकारातील जगातील एकमेव अवशेष मानला जातो. त्याचे वर्गनाम मी २६२ बी-१ए/यू१ असे आहे. यातील प्रत्येक अक्षर व अंक काही भेद दाखवितो: मूळ घाट, आसनसंख्या, उपप्रकार, मूळ घाटात केलेला बदल. यंत्राचे नाव इतके काटेकोर असावे हे योग्यच आहे. नाव चुकले तर दुर्मीळ वस्तू सामान्य वस्तूंत मिसळून जाईल.

हाच काटेकोरपणा माणसाच्या वाट्यास आला काय? दुसऱ्या महायुद्धात दक्षिण आफ्रिकेच्या सेनेने गोरे नसलेल्या स्वयंसेवकांसाठी जो विभाग उघडला, त्याचे अधिकृत नाव 'अयुरोपीय सेवा' अशा अर्थाचे होते. हे नाव नञ् समासाने बनलेले आहे. केप कोअर, भारतीय व मलायी कोअर आणि नेटिव मिलिटरी कोअर या तिन्ही दलांतील माणसे कोण होती हे ते सांगत नाही. कोण नव्हती एवढेच सांगते. विमानाच्या उपप्रकारासाठी स्वतंत्र अक्षर उपलब्ध होते. झुलू, सोथो, त्स्वाना आणि खोसा या भाषा बोलणाऱ्या हजारो माणसांसाठी एक नकार आणि एक 'नेटिव' एवढीच शब्दसंपत्ती राज्याने वापरली. 'नेटिव' हा शब्द मराठीस परका नाही. कंपनीच्या पलटणींपासून तो आपल्याकडे रुळला होता आणि त्यातील डंख आपल्या वाङ्मयात नोंदलेला आहे. त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकास तो तोच अर्थ घेऊन उभा होता.

या दलातील सैनिकांस बंदूक धरण्याची परवानगी नव्हती. पहाऱ्यावरील शिपायास भाला व गाठीचा सोटा देण्यात येई. इतर अनेकांना गाडी हाकणे, खंदक खणणे, जखमी वाहून नेणे ही कामे होती. अशा स्ट्रेचर वाहणाऱ्यांपैकी एक जॉब मासेको. २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडले तेव्हा तो हजारो सैनिकांबरोबर जर्मनांच्या हाती सापडला आणि त्याला बंदरात हमालीस लावण्यात आले. तेथे त्याने दुधाच्या लहान डब्यात काडतुसांतील दारू भरली, वात लावली आणि तो डबा जहाजाच्या तळघरात पेट्रोलच्या पिंपांमध्ये ठेवला. जहाज बुडाले. पुढे तो निसटला आणि वाळवंटातून पायी चालत एल् अलामेनपर्यंत पोहोचला. त्याला मिलिटरी मेडल हे पदक देण्यात आले. युद्धचित्रकार नेव्हिल लुइस यांनी काढलेले त्याचे व्यक्तिचित्र या संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

संग्रहालयातील सर्वांत महत्त्वाची वस्तू कोणती असे विचारले, तर उत्तर विमान हे नसून हे चित्र होय. कारण येथे वर्गनाम आणि कृती यांच्यातील विरोध उघड्यावर येतो. सेनेच्या व्याकरणात मासेको हा 'न लढणारा' होता. लढण्याचा अधिकार असलेल्या कोणालाही शोभावे असे कृत्य त्याने शस्त्र हाती नसताना केले. त्याचे वर्णन स्ट्रेचरवाहक असे केले तर ते अचूक आहे आणि तरीही असत्य आहे. 'शूर नेटिव' असे केले तर ते गौरवाचे वाटते, पण अपवादाचा सूर लावून नियम कायम ठेवते. त्याला फक्त 'सैनिक' म्हणावयाचे, तर ज्या राज्याने तो शब्द त्याला नाकारला, त्या नकाराचीही नोंद त्याच वाक्यात करावी लागते. अशा चित्राखालील फलक लिहिणे हे संग्रहालयातील सर्वांत कठीण लेखन होय. शौर्याच्या वर्णनापुढे जाऊन बंदुकीच्या बंदीचा उल्लेख जेथे होतो, तेथेच तो फलक राष्ट्रीय या विशेषणास पात्र ठरतो.

त्या भाल्याची पुढील कथा शब्दानेच सांगितली आहे. १६ डिसेंबर १९६१ रोजी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसशी संबंधित सशस्त्र संघटनेने आपले अस्तित्व जाहीर केले. तिचे नाव उमखोंतो वे सिझवे, म्हणजे राष्ट्राचा भाला. वीस वर्षांपूर्वी राज्याने बंदुकीऐवजी जे शस्त्र आफ्रिकी पहारेकऱ्याच्या हाती कनिष्ठतेची खूण म्हणून दिले होते, तेच आता चिन्ह म्हणून वर उचलले गेले. आणि 'राष्ट्र' हा शब्दही राज्याच्या ताब्यातून काढून घेण्यात आला. निवडलेली तारीखही नामांतराचे लक्षणीय उदाहरण आहे. १८३८ च्या लढाईची आठवण म्हणून पाळला जाणारा हा दिवस १९१० पासून डिंगानचा दिवस, १९५२ पासून कराराचा दिवस आणि १९८० पासून शपथेचा दिवस म्हणून ओळखला गेला. १९९४ च्या कायद्याने तो समेटाचा दिवस झाला.

या संघटनेचे प्रदर्शन आज त्याच संग्रहालयात आहे, ज्याच्या आवारात तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या सेनेचे रणगाडे व तोफा आहेत. २७ एप्रिल १९९४ रोजी जुने संरक्षणदल आणि मुक्तिसेना यांचे एका नव्या दलात विलीनीकरण झाले. ही दालने त्या विलीनीकरणाचे प्रतिरूप होत. मात्र दालने शेजारी आली म्हणून शब्द एकमेकांशी बोलू लागतात असे नव्हे. जुन्या दलाने १९६६ पासूनच्या संघर्षास 'सीमायुद्ध' म्हटले. हे स्थलवाचक नाव असून त्यातील स्थल फसवे आहे. लढाईचा मोठा भाग नामिबियाच्या आणि अंगोलाच्या भूमीत झाला, जेथे राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती सीमा नसून घर होते. १९९० मध्ये स्वतंत्र झालेल्या नामिबियात त्याच घटनेस स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात. एक नाव काढून दुसरे लावणे सोपे आहे. दोन्ही नावे एकाच फलकावर लिहून ती कोणाकोणाची हे सांगणे कठीण आहे, आणि संग्रहालयाचे खरे काम तेच आहे.

संग्रहालयास अनुकूल अशी एक गोष्ट येथे मोकळेपणाने मान्य करावयास हवी. शेजारच्या प्रिटोरिया शहरात हा वाद दोन टेकड्यांवर विभागला गेला. फ्रीडम पार्कच्या नामभिंतीवर जुन्या संरक्षणदलातील मृतांना स्थान मिळाले नाही. २००९ मध्ये त्यांच्यासाठी व्हूर्ट्रेकर स्मारकाच्या परिसरात वेगळी भिंत उभी राहिली. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकास केवळ आपल्याच मृतांची नावे वाचता येतात. जोहान्सबर्गच्या संग्रहालयाने एका कुंपणात परस्परविरोधी शस्त्रे ठेवली आहेत, हा त्याचा मोठा गुण होय. दोष इतकाच, की सहवास आणि संवाद यांतील अंतर त्याने पुरते ओलांडलेले नाही.

कोणी म्हणेल, संग्रहालय म्हणजे शब्दकोश नव्हे; लोक तेथे वस्तू पाहावयास येतात आणि शब्दांची ही चिकित्सा विद्यापीठातच शोभते. या आक्षेपाचे उत्तर त्याच शहरात, ऑब्झर्व्हेटरी भागातील टेकडीवर, एका दगडी स्तंभाच्या रूपाने उभे आहे. दक्षिण आफ्रिकेत १८९९ ते १९०२ या काळात मृत्यू पावलेल्या भारतीय सेनेतील माणसांचे ते स्मारक आहे. हे युद्ध गोऱ्यांचेच राहावे या धोरणामुळे भारतीय शिपायांस तेथे लढाईसाठी नेण्यात आले नव्हते; घोड्यांची निगा, वाहतूक, शुश्रूषा ही कामे त्यांच्याकडे होती. गांधीजींनी नाताळमधील सुमारे ११०० भारतीयांचे शुश्रूषापथक उभारले, तेही याच मर्यादेत. स्तंभावरील लेखात ब्रिटिश अधिकारी, नेटिव शिपाई, पशुवैद्यकीय साहाय्यक, अनुचर असा क्रम लावलेला असून त्यात 'नालबंद' हा शब्द आला आहे.

इंग्रजी लेखात हा शब्द अनुवाद न करता तसाच ठेवलेला आहे. घोड्यास नाल ठोकणारा तो नालबंद. महाराष्ट्रातील कोणत्याही बाजारगावी हा शब्द समजतो. त्या माणसांची व्यक्तिनामे लेखात नाहीत. राहिले ते फक्त कामाचे नाव, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या भाषेतील. साम्राज्याच्या श्रेणीक्रमात त्यांना तळाशी ठेवणाऱ्यांकडे त्यांच्या कसबासाठी दुसरा सोईस्कर शब्द नव्हता, म्हणून तो टिकला. आज त्या दगडासमोर उभा राहणारा मराठी प्रेक्षक एवढ्या एका शब्दावरून ओळखतो, की येथे आपल्याकडचे कोणी येऊन मेले आहे. वस्तू ते सांगू शकली नसती. घोड्याच्या नालेवर देश लिहिलेला नसतो.

यावरून निघणारा निष्कर्ष असा, की युद्धसंग्रहालयाने जुने फलक उतरवून त्यांची विल्हेवाट लावू नये. तेही वस्तूच आहेत. 'नेटिव', 'अयुरोपीय', 'सीमायुद्ध', 'रँड रेजिमेंट' ही नावे आज सत्य म्हणून वापरता येणार नाहीत, पण एके काळी राज्य याच शब्दांनी विचार करीत होते याचा पुरावा म्हणून ती काचेत ठेवली पाहिजेत, तारखेसह व योजणाऱ्या सत्तेच्या नावासह. ज्या संस्थेने स्वतःचे नाव दोनदा बदलले, तिने तिन्ही नावे प्रवेशद्वारी लावावीत. मग 'राष्ट्रीय' या विशेषणाचा अर्थ प्रेक्षकास वेगळा सांगावा लागणार नाही.

मराठी अभ्यासकांस या परीक्षणातून स्वतःच्या भाषेकडे वळावेसे वाटेल. आपल्या पाठ्यपुस्तकांत व नियतकालिकांत 'बोअर युद्ध' हे नाव आजही निःशंकपणे वापरले जाते; ते इंग्रजीतून आले आणि त्याबरोबर पाहण्याची दिशाही आली. १८५७ च्या घटनेस 'बंड' म्हणावे की 'स्वातंत्र्यसमर', यावर ज्या भाषेत एवढा वाद झाला, तिने दुसऱ्यांच्या युद्धांची नावे तरी तपासल्याखेरीज घेऊ नयेत. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' वाचणाऱ्यास ठाऊक आहे, की 'बंड' हा शब्द वापरणारा लेखकही बंडवाल्यांविषयी आत्मीयतेने लिहू शकतो. म्हणजे शब्द बदलला की दृष्टी बदलते आणि शब्द तोच राहिला की दृष्टी तीच राहते, असा सरळ नियम नाही. परंतु शब्द कोठून आला हे ठाऊक असलेला लेखक आणि ठाऊक नसलेला लेखक यांत फरक आहे. संग्रहालयाच्या फलकालाही हाच फरक लागू पडतो.